बिनक्लचची गाडी

बाबांचा डावा पाय गेला तेव्हा मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होते. साल २०१४. बाबा तलासरी ते चारोटी काळीपिवळी जीप चालवायचे. त्या दिवशी चारोटीच्या अलीकडे टायर बसला, म्हणून गाडी कडेला घेऊन ते जॅक लावत होते. मागून आलेल्या ट्रकने जीपला ठोकलं आणि जीप त्यांच्या पायावर आली. गाडीतल्या बायका उतरून झाडाखाली उभ्या होत्या, त्या वाचल्या. बाबा पुढे पुष्कळदा सांगायचे, "पॅशिंजर सगळी उतरवली होती मी." कोणी काही विचारलेलं नसलं तरी सांगायचे.

पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. वापीच्या दवाखान्यातून ते कुबड्या घेऊन घरी आले. नंतर एका शिबिरात नकली पाय मिळाला, पण तो जखमेवर घासायचा. आठवडाभर घालून पाहिला आणि मग तो दाराच्या मागे उभा राहिला. जीप विकून टाकली.

आमचं घर तलासरीजवळ वेवजीत, गावापासून जरा आतल्या पाड्यावर. थोडी भाताची जमीन, वर माळावर नाचणी. आई पावसाळ्यात आमच्या शेतात राबायची आणि बाकीचं वर्ष चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. बाबा ओट्यावर बसून असायचे. ज्या माणसाला सकाळपासून दहा जण हाक मारायचे, "थांबवा, थांबवा," त्याला दिवसभर कोणी हाक मारत नव्हतं. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून ती कोणत्या गिअरमध्ये आहे ते ते सांगायचे. "दुसऱ्यात घ्यायला पायजे होती," असं पुटपुटायचे. आईला ते ऐकवायचं नाही. ती उठून चुलीपाशी जायची.

मी वायरमनचा ट्रेड केला होता. आमच्या वर्गात मुली दोनच, त्यातली एक लग्न होऊन गेली. मला डहाणूत एका इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टरकडे काम मिळालं. शेठ गुजराती, मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीत शिरायचे आणि मला 'बेन' म्हणायचे. सुरुवातीला त्यांनी मला दुकानात माल मोजायला बसवलं. मग एकदा एका घरातल्या सासूबाई पुरुष वायरमनला आतल्या खोलीत येऊ देईनात, तेव्हा मला पाठवलं. तिथून मी कामावर जायला लागले. सकाळच्या एसटीने डहाणू, संध्याकाळच्या एसटीने परत.

२०१६ च्या उन्हाळ्यात समुद्राकडच्या एका जुन्या बंगल्यात वायरिंग बदलायचं काम निघालं. तिथे एक म्हातारे डॉक्टर एकटेच राहत होते. पडवीच्या शेडमध्ये एक छोटीशी गाडी उभी होती. दोन दारांची, खेळण्यातल्यासारखी, धुळीने भरलेली. तिच्या मागे भिंतीवर पंधरा अँपिअरचा सॉकेट होता आणि तो जळून काळा झाला होता.

"हा गाडीचा," डॉक्टर म्हणाले. "विजेवर चालते ती. आता सॉकेट नवीन बसवू नका. उगीच खर्च."

"का? गाडी बिघडली?"

"गाडी बरी आहे, डोळे बिघडले. मला समोरचं माणूस दिसत नाही नीट."

मी काचेतून आत डोकावले. गिअरचा दांडा दिसेना.

"गिअर कुठं आहे हिला?"

"गिअर नाहीत. एक खटका आहे, पुढे, मागे. खाली दोनच पेडल, ब्रेक आणि पळवायचं."

"क्लच?"

"क्लच नाही."

मी तिथेच थांबले. हातातली पक्कड खाली ठेवली. "मग डाव्या पायाला काय काम?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "तो नुसता ठेवायचा."

मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं.  ते म्हणाले, भंगारवाल्याने जो भाव सांगितला आहे त्याच भावात घेऊन जा. आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं. दुसरी, गाडी रोज पोटभर चार्ज करायची. "अर्धवट चार्जवर ठेवली की या बॅटऱ्या मरतात. हळूहळू मरतात, कळत नाही. तुमच्याकडे व्होल्टेज कसं असतं?"

"बघते," मी म्हटलं.

व्होल्टेज कसं असतं ते मला ठाऊक होतं. आमच्या घरचं कनेक्शन दोन बल्ब आणि एक पंखा एवढ्यासाठीच दिलेलं होतं. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, गावाच्या टोकाला. तिथून बारीक तार शेतातून खांबाखांबाने येते, आणि आमचं घर त्या तारेच्या अगदी शेवटाला. पण काम तर माझ्याच हातचं होतं. मी मनात म्हटलं, जाड वायर टाकू, अर्थिंग नीट करू, वीज कार्यालयाकडून भार वाढवून घेऊ. सगळं होईल.

शेठनी टेम्पो दिला. गाडी पाड्यावर उतरवली तेव्हा सगळा पाडा जमला. बाबा ओट्यावरून उठले नाहीत. मी दार उघडून म्हटलं, "बाबा, बसून तर बघा."

"मी? आणि क्लच काय तुझा आजा दाबंल?"

"क्लच नाय हिला."

ते कुबड्यांवर आले, खाली वाकले, पेडल पाहिले. परत पाहिले. मग कुबड्या माझ्या हातात देऊन आत बसले. खटका फिरवून उजव्या पायाने पेडल दाबलं. आवाज काहीच झाला नाही आणि गाडी चालायला लागली. पोरं मागे धावली. बाबा वळणापर्यंत गेले, दिसेनासे झाले. आईने डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला होता. थोड्या वेळाने गाडी परत आली. बाबांनी काच खाली केली, घामाने भिजले होते, आणि मला म्हणाले, "बाय, हिचा हॉर्न लय बारीक हाय."

माझ्या आयुष्यातला तो एक दिवस मी कोणाला देणार नाही. पण तो एकच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी अर्थिंगचा खड्डा खणला. मीठ-कोळसा घालून पट्टी पुरली, पाणी ओतलं. मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, भिंतीवर स्वतंत्र एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा फ्यूज, आणि मोठा सॉकेट बसवला. आमच्या कुडाच्या भिंतीवर तो नवा पांढरा सॉकेट पाहायला शेजारणी आल्या. संध्याकाळी दिवे लागले आणि मी प्लग लावला. चार्जरचा लाल दिवा लागला, क्षणभर राहिला आणि विझला. व्होल्ट मोजायचा मीटर लावून पाहिलं तर तारेत एकशे साठ व्होल्ट. दोनशेतीस पाहिजे तिथे एकशे साठ. चार्जर उपाशी राहील पण एवढ्यावर चालायचा नाही.

सकाळी लोक कामावर गेल्यावर व्होल्टेज थोडं वर चढायचं. तेव्हा लाल दिवा टिकायचा. बाबा दिवसा गाडी लावून ठेवायला लागले. दुपारी लाइन गेली की चार्जिंग थांबायचं. आली की परत सुरू. संध्याकाळपर्यंत काटा अर्ध्यावर यायचा, कधी त्याच्याही खाली. तेवढ्यावर बाबा तलासरीला जाऊन यायचे. लायसन्सचं मी विचारलं तर म्हणाले, "गावच्या रस्त्याला कोण विचारतो?" कोणाला दवाखान्यात सोड, कोणाची गोणी आण. परत आले की ओट्यावर न बसता गाडीतच बसून राहायचे, दार उघडं टाकून.

मग एका रविवारी शेजारचे काका आले. बाबांचे चुलतभाऊ, तीन घरं सोडून राहणारे. उन्हाळा होता, त्यांच्या सुनेचं बाळंतपण नुकतंच झालं होतं.

"भाऊ, एक सांगू काय?" काका म्हणाले. "तुझी गाडी लावली का आमचा पंखा मरतो. पोराच्या अंगावर पुरळ उठलंय."

बाबा म्हणाले, "दिवसाच लावतो मी."

"दिवसाच पोरगं रडतं ना."

मी म्हटलं, "काका, आमच्या गाडीनेच नाय, तारच बारीक आहे. एकाने ओढलं तर दुसऱ्याला कमी पडणारच."

"तेच बोलतोय मी," काका म्हणाले. भांडायला आले नव्हते ते. उठून जाताना त्यांनी गाडीच्या टपावर हात फिरवला. "गाडी झ्याक हाय रे भाऊ."

त्या दिवसापासून बाबा आधी एका पोराला काकांकडे पाठवून बाळ झोपलं आहे का विचारायचे आणि मगच प्लग लावायचे. बाळ झोपलेलं असलं तर पंखा लागायचा. जागं असलं तरी लागायचा. मग प्लग कधी लावायचा?

मी तलासरीच्या वीज कार्यालयात भार वाढवायचा अर्ज घेऊन गेले. तिथले इंजिनिअर साहेब तरुण होते. त्यांनी अर्ज वाचला आणि वर पाहिलं.

"गाडी? विजेवरची? वेवजीत?"

"हो."

ते हसले नाहीत. हसले असते तर मला रागवता तरी आलं असतं. म्हणाले, "ताई, भार मी कागदावर वाढवून देतो. पण तारेतून जे येत नाही, ते कागदातून कुठून येणार? तुमच्या त्या डीपीवर आधीच किती घरं आहेत, तुम्हीच सांगा."

"मग नवीन डीपी द्या. पाड्याजवळ."

"प्रस्ताव पाठवतो. पाड्यातल्या सगळ्यांच्या सह्या आणा. एका गाडीसाठी म्हटलं तर वर कोणी बघणार नाही, सगळ्यांसाठी म्हणून मागा."

मी सह्या आणल्या, काही अंगठे आणले. काकांनी पहिला अंगठा दिला. साहेबांनी प्रस्ताव खरोखर पाठवला. पुढे दर महिन्याला मी जायची, ते खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे आणि सांगायचे, "अजून वरून आलं नाही." काही महिन्यांनी त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी सांगितलं, पाहतो.

२०१७ च्या पावसाळ्याआधी एक ट्रॅक्टर आला आणि पाड्याच्या तोंडाशी सिमेंटचे खांब टाकून गेला. बाबा गाडी घेऊन ते पाहायला गेले. घरी येऊन आईला म्हणाले, "खांब आले. आता दिवाळीपर्यंत डीपी." पाऊस आला, खांबांवर गवत वाढलं. दिवाळी आली आणि गेली. बायका त्या खांबांवर गोधड्या वाळत घालायला लागल्या.

त्याच सुमाराला आमच्या घराकडे येणाऱ्या तारेचा खांबावरचा जोड जळाला. व्होल्टेज कमी असलं की चार्जर जास्त करंट ओढायला बघतो. जुना जोड, ॲल्युमिनियमची तार, तापून तापून एका दुपारी ठिणग्या पडल्या आणि घर अंधारात गेलं. खांबावर चढायची मला परवानगी नाही. लाइनमनकडे पाच गावं होती. तो येईपर्यंत आम्ही चिमणी लावून जेवलो. तो आला, वर चढला, जोड नवा केला, खाली उतरून हात पुसले. बाबा शेजारीच उभे होते. तरी तो मलाच म्हणाला, "ताई, तुम्ही आयटीआयवाल्या. तुम्हाला मी काय सांगू? ही तार पंख्याची आहे."

तो गेल्यावर बाबांनी विचारलं, "डहाणूला खाडीकडं ती थर्मलची चिमणी हाय ना, तिथं वीज बनते?"

"हो."

"ती कुठं जाते?"

"मुंबईला."

"हां," ते म्हणाले. एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. हळूहळू झालं आणि कळलं नाही. आधी गाडी तलासरीला जाऊन यायची. मग जायची, पण परत येताना शेवटच्या चढावर दम टाकायची. मग बाबांनी तलासरीला जाणं सोडलं, शाळेपर्यंतच जायचे. बॅटऱ्यांत पाणी घालायचं काम ते स्वतः करायचे, आईचं शेंगदाण्याच्या तेलाचं नरसाळं घेऊन. मी एकेका बॅटरीला मीटर लावून पाहायची. दोन पार बसल्या होत्या, बाकीच्या त्यांच्या मागे चालल्या होत्या. नवा संच घ्यायचा तर गाडीच्या कितीतरी पट पैसे लागणार होते. आणि घेतला असता तरी तो या तारेवर तसाच मेला असता. हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. गाड्यांतलं त्यांना माझ्याइतकं कळत होतं.

एका बाजाराच्या दिवशी मी घरी होते. भाजी घेऊन निघालेल्या दोन म्हाताऱ्या रस्त्याने चालल्या होत्या. बाबांनी गाडी काढली. मी म्हटलं, "बाबा, काटा बघा."

"नाक्यापर्यंतच सोडतो. डोक्यावर ओझं हाय त्यांच्या."

टोपल्या मागे ठेवल्या, एक म्हातारी पुढे बसली, दुसरी कशीबशी मागे शिरली. पाड्याबाहेरच्या चढावर गाडी थांबली. बाबांनी खटका मागे-पुढे केला, पेडल दाबलं, काही नाही. म्हाताऱ्या उतरल्या, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि चालत गेल्या. वेळ व्हायच्या आत बाजार गाठायचा होता त्यांना.

मी धावत गेले. शेतातून तीन-चार माणसं आली, काकाही आले. आम्ही गाडी ढकलत घराकडे आणली. बाबा आत बसून स्टिअरिंग धरून होते. त्यांना उतरता येत नव्हतं, कुबड्या घरी राहिल्या होत्या. ढकलणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "ड्रायव्हरला पाय नाय आन गाडीला जीव नाय. जोडी जमली!" सगळे हसले. तो काही वाईट माणूस नव्हता, पूर्ण रस्ताभर त्यानेच सगळ्यात जोर लावला होता. बाबाही हसले. मला आरशात त्यांचं तोंड दिसत होतं. ते सगळ्यांच्या आधी हसायला लागले होते आणि सगळ्यांच्या नंतर थांबले.

घरी आल्यावर त्यांनी चावी खुंटीला अडकवली. आईने चहा दिला, तो प्यायले. पुन्हा त्यांनी ती चावी काढली नाही. मी एकदोनदा म्हटलं, थोडी चार्ज करून ठेवते. म्हणाले, "राहू दे. पोराचा पंखा चालू दे."

२०१८ च्या थंडीत धक्के सुरू झाले. भूकंप आम्ही पुस्तकात वाचलेला, आमच्या डहाणू-तलासरीत कधी होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज यायचा आणि मग भांडी वाजायची. एका संध्याकाळी मोठा धक्का बसला. आई आणि मी अंगणात पळालो. बाहेर आल्यावर आईच्या लक्षात आलं. ती ओरडत परत आत गेली. बाबा खाटेवरून उतरायच्या प्रयत्नात खाली पडले होते, कुबडी घसरून लांब गेली होती. आईने काखेत हात घालून त्यांना ओढत दारापर्यंत आणलं. वरून कौलं सुटून तिच्या पाठीवर पडली. बाहेर आल्यावर बाबा तिला म्हणाले, "तू कशाला आत आलीस?" ती त्यांच्या अंगावरची माती झटकत राहिली.

त्यानंतर सगळा पाडा बाहेर झोपायला लागला. कोणी ताडपत्री बांधली, कोणी खाटा झाडाखाली नेल्या. बाबांना जमिनीवरून उठता येत नव्हतं आणि खाट अंगणात ठेवली तर दहिवर पडायचं. मग ते गाडीत झोपायला लागले. ड्रायव्हरच्या सीटवर, मान मागे टाकून, अंगावर गोधडी. आई गाडीला टेकून खाली अंथरायची. फार थंडी पडली तेव्हा काकांची सून पोराला घेऊन शेजारच्या सीटवर येऊन बसायची. पोर आता अडीच वर्षांचं झालं होतं. ते स्टिअरिंगला लोंबकळायचं, हॉर्न दाबायचं. हॉर्न वाजत नव्हता.

एकदा सकाळी मी कामाला निघताना बाबा आतून म्हणाले, "पॅशिंजर भरलेत बघ." मी हसायला गेले, पण जमलं नाही.

त्याच धक्क्यांच्या दिवसांत, २०१९ च्या सुरुवातीला, शेठना समुद्राकाठच्या एका बंगल्याचं काम मिळालं. मालक मुंबईचे, शनिवार-रविवारी यायचे. त्यांनी विजेवरची गाडी घ्यायची ठरवली होती. गाडी अजून आलेली नव्हती, पण चार्जर आधी बसवून घ्यायचा होता. भिंतीवर लावायचा, खोक्यात येणारा, पाटीएवढा चार्जर. शेठनी ते काम मला दिलं. "बेन, तने आवडे छे आ," म्हणाले. म्हणजे, तुला हे येतं.

बंगल्याला थ्री-फेज आधीच होतं. डीपी फाटकाच्या बाहेरच. भार वाढवायचा अर्ज शेठनी टाकला, तो महिन्याच्या आत मंजूर झाला. मी अर्थिंगचे खड्डे घेतले, केबल ओढली, चार्जर टांगला. मीटर लावून पाहिलं, तिन्ही फेजला सारखं, भरपूर व्होल्टेज. हिरवा दिवा लागला आणि तसाच राहिला. मालकीणबाईंनी मला सरबत दिलं. भली बाई होती, माझ्या घरची चौकशी केली, धक्के बसतात का विचारलं. मी म्हटलं, बसतात. गाडीबद्दल मी काही बोलले नाही. काय सांगायचं होतं?

घरी आले तेव्हा बाबा गाडीतच होते. त्यांनी विचारलं, "आज कुठं काम?" मी सांगितलं. त्यांनी नीट सगळं विचारून घेतलं. किती जाड केबल, किती वेळात चार्ज होते, पावसात चालतं का. मी सांगत गेले. शेवटी म्हणाले, "लाल दिवा लागून विझत नाय ना?"

"नाय. हिरवा असतो. राहतो."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि काच वर घेतली. काच हातानेच फिरवायची होती, तेवढी चालत होती.

उन्हाळ्यात भिंतीची डागडुजी करावी लागली. धक्क्यांनी चुलीकडची भिंत बाहेर कलली होती. वापीहून भंगारवाला येत असे. तो गाडीभोवती फिरला, बोटाने टपावर वाजवून पाहिलं. "ही प्लास्टिकची. हिला काय करू? बॅटऱ्या देता तर शिसं हाय, त्या घेतो." बाबांनी होकार दिला. भंगारवाल्याने सीटखालून एकेक बॅटरी काढून टेम्पोत ठेवली. बाबा ओट्यावरून पाहत होते. त्याला सांगत होते, "त्या डाव्या बाजूचा नट उलटा फिरतो." गाडी हलकी झाली, टायरवर जरा उचलली गेली. त्या पैशात भिंत उभी राहिली, पूर्ण नाही, अर्धी वीट आणि वर परत कूड.

पाऊस पडायच्या आत आणखी एक गोष्ट झाली. ट्रॅक्टर परत आला आणि पाड्याच्या तोंडाशी पडलेले ते खांब भरायला लागला. मी त्या दिवशी घरी होते, धावत गेले. ट्रॅक्टरवाल्याला काही माहिती नव्हती. तलासरीच्या कार्यालयात विचारलं तर कळलं, ते खांब दुसऱ्या गावच्या कामाचे होते, इथे चुकून उतरवले होते. आमचा प्रस्ताव? तो शोधावा लागेल म्हणाले. जुन्या साहेबांच्या वेळचा आहे, परत नवीन करा, सह्या घ्या. मी नवीन कागद घेऊन पाड्यात फिरले. काका म्हणाले, "देतो अंगठा, त्यात काय जातंय?" आणि दिला. काही घरांनी दार उघडलं नाही. तो अर्ज मी कार्यालयात दिला. पोच घेतली. पुढे काय झालं ते विचारायला मी सुरुवातीला गेले, मग कमी गेले.

पावसात गाडीचं टप गळायला लागलं. दारांच्या फटींतून पाणी आत गेलं, सीटवर बुरशी आली. धक्के कमी झाले होते, लोक घरात झोपायला लागले होते. बाबाही घरात आले. आई म्हणाली गाडी उचलून मागे नेऊ, अंगण मोकळं होईल. बाबा म्हणाले, न्या. शेजारचे दोघे धरून आम्ही चौघांनी ती उचलूनच नेली म्हणायची, इतकी हलकी. आता ती गोठ्याच्या मागे आहे. कोंबड्या आत अंडी घालतात.

बाबांच्या उजव्या पायाला हल्ली सूज असते. ओट्यावर बसतात, पण रस्त्याकडे तोंड करून नाही. गाडी गेली तरी गिअर सांगत नाहीत. मी एकदा मुद्दाम विचारलं, "बाबा, ही कोणत्या गिअरमध्ये होती?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "काय माहीत."

संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा आमचा बल्ब अजून तसाच पिवळा असतो. भिंतीवरचा मोठा सॉकेट मी काढलेला नाही. त्यात आई मोबाइल चार्जिंगला लावते, मध्ये एक छोटा प्लग घालून. फोनला तेवढं पुरतं. मी सकाळच्या एसटीने डहाणूला जाते. शेठकडे चार्जरची आणखी दोन कामं आली आहेत.